बातम्यांमधला राखाडी कोट

मास्तरांच्या घरातला टीव्ही म्हातारा झाला होता, पण मेला नव्हता, आणि बायकोचं सगळं म्हणणं तेवढ्यावरच उभं होतं. "दिसतंय ना? ऐकू येतंय ना? मग नवा कशाला?"

"दिसतंय म्हणजे काय दिसतंय? बातम्या देणाऱ्याचं नाक कुठे संपतं नि मिशी कुठे सुरू होते, ते सांग बघू."

"मला त्याच्या मिशीशी काय करायचंय?"

मास्तरांना मात्र करायचं होतं. मिशीशी नव्हे, कोटाशी. तो बातम्या देणारा महिन्यापूर्वी त्यांच्याकडे राखाडी कोटाचं माप देऊन गेला होता, आणि आज सातच्या बातम्यांना तो कोट घालणार होता. तीस वर्षं शिलाई करून मास्तरांचा एकही कोट टीव्हीवर गेला नव्हता. त्यातून समोरच्या रेडीमेडवाल्याने गल्लीभर उठवून दिलं होतं, "टीव्हीवरचा माणूस ह्यांच्याकडे कशाला येईल? थापा मारतात मास्तर." गिऱ्हाइकं तोंड लपवून हसायला लागली होती. एकाने तर शिवायला टाकलेलं कापड परत नेलं. मास्तरांच्या ते फार जिव्हारी लागलं.

शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातला टीव्हीवाला एक दिवसासाठी एचडी टीव्ही घरी लावून द्यायला तयार झाला. "पटला तर ठेवा. नाहीतर उद्या येऊन उचलतो."

"उद्या सकाळीच या," बायको म्हणाली.

इथपर्यंत ठीक होतं. पण मास्तरांनी उत्साहाच्या भरात सगळ्या गल्लीला आमंत्रण देऊन टाकलं, रेडीमेडवाल्यासकट. साडेसहाला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. रेडीमेडवाल्याने घरातली एकुलती एक हातांची खुर्ची पटकावली. टीव्ही सुरू झाला, आणि चित्र जुन्यापेक्षाही वाईट.

"सेट-टॉप बॉक्स जुना आहे ना," टीव्हीवाला डोकं खाजवत म्हणाला. "एचडी बॉक्स लागेल. आलोच."

"आमच्याकडे ह्याच्यापेक्षा बरं दिसतं," रेडीमेडवाला म्हणाला आणि खुर्चीत आणखी पसरला. मास्तर एकदा घड्याळाकडे बघत, एकदा दाराकडे. सातला दोन मिनिटं असताना टीव्हीवाला धापा टाकत परतला, वायरी जोडल्या, आणि बातम्या सुरू होता होता चित्र आलं.

"अगं बाई," बायकोच्या तोंडून निघून गेलं.

काय ते चित्र! कापडाचा पोत दिसत होता, काजं दिसत होती, खांदा तर असा बसला होता की सुरकुती औषधालाही नव्हती. मास्तरांचा ऊर भरून आला. ते उठून टीव्हीपाशी गेले आणि बोटाने दाखवू लागले. "हा खांदा बघा. ही कॉलर बघा, ही…"

बोट तिथेच थांबलं. कॉलरच्या कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरा दोरा दिसत होता. कच्चा टाका. कॉलर नीट बसावी म्हणून आधी घालायचा आणि कोट देताना उसवून काढायचा, तो.

रेडीमेडवाला खुर्चीतून उभाच राहिला. "कच्चा टाका काढायला विसरलात की हो मास्तर! तीस वर्षं शिवताय ना?" सगळी खोली खो-खो हसली. मास्तरांना वाटलं, आत्ताच्या आत्ता टीव्हीची वायर उपटावी आणि मोरीत जाऊन बसावं.

"काय म्हणालात भाऊजी?" बायकोने शांतपणे विचारलं.

"टाका काढायला विसरले म्हटलं."

"कोण विसरलं?"

"कोण म्हणजे? हे. मास्तर."

"म्हणजे कोट ह्यांनीच शिवलाय तर."

रेडीमेडवाला पुन्हा खुर्चीत बसला. "तुमच्या दुकानातल्या एका तरी कोटाला आहे का असा टाका?" बायकोने आणखी विचारलं. खोली पुन्हा हसली, पण आता दुसऱ्याच माणसाला. त्याला घरी एकदम काहीतरी काम आठवलं आणि हातांची खुर्ची रिकामी झाली. मास्तर तिच्यात ऐटीत बसले.

"हा टीव्ही इथेच राहू दे," बायकोने टीव्हीवाल्याला सांगून टाकलं. "चांगलं दिसतं हो."

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकान उघडतात तो दारात पाच जण कापड घेऊन उभे. पहिल्याचं माप घेऊन झालं. जाता जाता तो जरा घुटमळला.

"मास्तर, एक सांगायचं होतं. कॉलरचा तो पांढरा दोरा तेवढा राहू द्या. नाहीतर लोकांना रेडीमेड वाटेल."

बाकीच्या चौघांनीही माना डोलावल्या.