पुलेतासींची मान

एखादी तक्रार रोग आहे की मोठेपणा, हे ती कोणाला जडली आहे यावरून ठरतं. साधा माणूस घोरला तर त्याला कूस बदलायला सांगतात. गावचा मुख्य सरदार घोरला तर शेजारी आपापली कूस बदलतात.

पुलेतासी हे सामोआतल्या फालेउता गावचे मुख्य सरदार. त्यांचं घोरणं गावच्या मानाच्या गोष्टींत दुसऱ्या क्रमांकावर होतं (पहिल्यावर चर्चची घंटा, तीही तडकलेली). घरांना भिंती नाहीत, नुसते खांब, त्यामुळे हा मान सगळ्यांच्या वाट्याला सारखाच येई. त्यांची बायको फिलोई हिची घोरण्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती घोरणं मध्येच थांबण्याबद्दल. कारण तेव्हा श्वासही थांबायचा. फिलोई ताडकन उठून बसायची, नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून जीव मुठीत धरायची, आणि फुर्रर्र करून गडी पुन्हा सुरू झाला की देवाचे आभार मानून त्याला एक चिमटा काढायची. एखाद्या दिवशी तो सुरूच झाला नाही तर? या धास्तीने बाईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

दवाखान्यातली नर्स इलीसा म्हणाली, "मावशी, हा चक्क रोग आहे. झोपेत श्वास अडतो. नाकावर लावून झोपायचं यंत्र आहे माझ्याकडे. काकांना घेऊन या."

काका कसले येतायत!

"आमचे आजोबा असेच घोरायचे," पुलेतासी म्हणाले. "त्यांना कुठे होता रोग?"

"आणि ते गेले कसे?"

"झोपेतच. काय शांत मरण आलं म्हातारबाबांना!"

"अहो, तेच तर सांगतेय मी!" फिलोईने कपाळावर हात मारला.

शेवटी पुलेतासींनी नियमावर बोट ठेवलं. सरदाराला पूर्वजांना न झालेला रोग व्हायचा असेल, तर आधी सरदारसभेची मंजुरी लागते. सभा म्हणेल तसं.

आता या सभेविषयी आदराने दोन शब्द बोलले पाहिजेत. तिथे प्रत्येक सरदार आपल्या वडिलोपार्जित खांबाला टेकून बसतो. ठराव मांडला गेला की सगळे मुख्य सरदारांकडे पाहतात. त्यांची मान खाली गेली की ठराव मंजूर. रात्रभर श्वासाशी कुस्ती खेळलेला माणूस दिवसा खांबाला टेकला की त्याच्या मानेचं काय होतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. त्यामुळे फालेउताच्या सभेइतकं एकमत साऱ्या बेटावर कुठे नव्हतं. मांडलेले ठराव: सगळे. मंजूर: सगळे. मतभेद: एक (आधी जेवायचं की आधी प्रार्थना). सभेचा वक्ता वाएलूआ याने या सुवर्णकाळात गावाचं फार भलं केलं. त्याच्या डुकरांना कुठेही हिंडायची मुभा मिळाली, त्याच्या मेहुण्याला पाण्याच्या टाकीचं काम मिळालं, आणि पुलेतासींच्याच निरफणसाच्या बागेत गावाला क्रिकेटचं मैदान मिळालं.

तेव्हा श्वासाचा विषय निघाल्यावर वाएलूआने खांद्यावरची वक्त्याच्या मानाची चवरी झटकून गंभीरपणे सांगितलं, "रोग म्हटलं की औषध आलं. औषध आलं की जाग आली. आणि जाग आली की..." पुढचं त्याला बोलवेना. सभेने पुलेतासींच्या झोपेला 'प्रगल्भ विश्रांती' असं नाव दिलं. पुलेतासींची मान खाली गेली.

सभेचा निकाल ऐकून फिलोई घरी आली ती धुमसतच. पण ती गावच्या महिला समितीची अध्यक्ष होती. संडास, मच्छरदाण्या आणि तुंबलेलं पाणी यांवर समितीची सत्ता चालते, आणि वर्षातून एकदा समिती सभेपुढे आरोग्याचा अहवाल वाचते. त्या दिवशी तिने नवऱ्याला सकाळीच नारळाच्या दुधातली अळूची पानं आणि भाजलेलं डुक्कर पोटभर वाढलं. "अजून एक घ्या हो," असं ती म्हणाली, हेही त्यांना जरा नवलच वाटलं.

सभेत ती सावकाश वाचू लागली. "गावाला घातक रोग पुढीलप्रमाणे. डासांचा ताप. हगवण. खरूज." इथे ती थांबली. पुलेतासींच्या पापण्या मिटत होत्या. "आणि श्वास अडणारी झोप. उपचार सक्तीचे."

मान खाली गेली.

"मंजूर!" फिलोई म्हणाली.

"अहो वहिनी, हे काय!" वाएलूआ उसळला. "ते झोपलेत!"

एका म्हाताऱ्या सरदाराने घसा साफ केला. "झोपलेत म्हणतोस? मग तुझ्या डुकरांच्या वेळी काय करत होते?"

वाएलूआने डुकरांचा विचार केला, टाकीचा केला, मेहुण्याचा तर फारच केला. मग तो हळूच म्हणाला, "जागेच आहेत. मंजूर."

सभेचा ठराव मुख्य सरदारालाही मोडता येत नाही. पुलेतासींनी कुरकुरत नाकावर यंत्र चढवलं आणि दिवस चांगला वर येईपर्यंत गाढ झोपले. शेजारीच फिलोईही पालथी पडून झोपली, इतकी निपचित की शेजारणी अंत्यविधीला भेट द्यायच्या चटया घेऊन रडत आल्या (घोरणं बंद पडल्यावर दुसरं काय समजायचं?). तिने एक डोळा उघडला, "चटया ठेवून जा," म्हणाली, आणि पुन्हा झोपली. कित्येक वर्षांत इतकी सुखी बाई गावाने पाहिली नव्हती.

पुढच्या सभेत पुलेतासी टक्क जागे होते. "माझ्या बागेत क्रिकेट कोण खेळतंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसऱ्या प्रश्नापर्यंत जेवण थंड झालं.

तेव्हापासून सभा अंधार पडेपर्यंत चालते आणि ठराव एकही होत नाही. वाएलूआ परवा इलीसाकडे जाऊन विचारत होता, "पोरी, या जागेपणाला रोग म्हणता येईल का गं?"

"येईल की," ती म्हणाली. "पण काका, फार कमी लोकांना होतो."

आपल्याला तो झालेला नाही ना, याची वाचकांनी घरच्या घरी खात्री करून घ्यावी. मागच्या सभेत आपण कशाला मान डोलावली, ते आठवून पाहावं. आठवलं नाही, तर काळजीचं कारण नाही. आपली प्रकृती उत्तम असून आपला तो ठराव एकमताने मंजूर झालेला आहे.