पुनमचा पहिला फोटो

मुलांच्या आठवणींची वही करायला आईला एक निवांत दुपार पुरते, असं मोबाइलवरच्या व्हिडिओतली बाई हसत हसत सांगत होती. लातूरच्या तनुजाला ते पटलं. तिनं रंगीत कागद, गोंद, चमकीच्या पट्ट्या आणल्या आणि दोन मुलांसाठी दोन जाडजूड वह्या घेऊन ती फरशीवर बसली.

सत्यमची वही त्या दुपारी खरंच भरली. बारशातला सत्यम, जावळ काढताना रडणारा सत्यम, बादलीत बसलेला, बादलीतून काढलेला. आता तो बारावीला होता आणि क्लासमुळे आईवडिलांनाही फारसा दिसत नव्हता. पण त्याचं बाळपण मात्र सगळंच्या सगळं टिपलेलं होतं.

धाकट्या पुनमच्या वहीत तीन फोटो लागले. एक आधार कार्डाचा. दुसरा शाळेचा, त्यात पुढच्या मुलीच्या रिबिनीमागून तिचा एक डोळा दिसत होता. तिसऱ्यात कुणाच्या तरी लग्नात जिलबीकडे गेलेला एक हात होता. तो पुनमचाच, असं तिचे वडील दयानंद छातीठोकपणे सांगत होते.

"आई, मला कुठून आणलं गं?" दहावा वाढदिवस तोंडावर आलेल्या पुनमनं विचारलं. "दवाखान्यातून, का बसस्टँडवरून?"

तनुजानं नवऱ्याकडे पाहिलं. पुनमचं सगळं बाळपण ज्या मोबाइलमध्ये होतं, तो त्यानं गच्चीवरच्या टाकीत पाडला होता.

"पाणी किती हाय ते बघायलो होतो," दयानंद पुटपुटला.

तनुजानं निलंग्याला सासूबाईंना फोन लावला. दोन दिवसांत दयानंदचे व्यंकटीमामा एसटीनं जुन्या फोटोंची पिशवी घेऊन आले. पिशवीच्या तळाशी एक गुटगुटीत बाळ निघालं. गुलाबी झालरीचा फ्रॉक, डोळ्यात काजळ, गालावर तीट.

"पुनम!" तनुजा ओरडलीच. "बघ, ही तू!"

पुनमनं तो फोटो जेवतानाही खाली ठेवला नाही. दयानंदला टाकीचं पाप फेडायची संधी मिळाली. त्याच्या मित्राचं, आनंदराजचं, फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी 'आमची लाडकी पुनम' असा भलामोठा फ्लेक्स चौकात लागला. मोकळी जागा नेमकी सत्यमच्या क्लाससमोर होती.

"सत्या, तुझी बहीण लई भारी हाय की!" मित्र म्हणाले. सत्यमनं फ्लेक्सखाली उभं राहून सेल्फी काढला आणि स्टेटसला ठेवला.

वाढदिवसाला आजी, धुरपताबाई, निलंग्याहून आल्या. त्यांचा ऑटो चौकातूनच आला होता.

"अगं तनुजा, वाढदिवस पोरीचा अन् फोटो पोराचा लावलाव व्हय?"

"कोणत्या पोराचा?"

"आपल्या सत्यमचा! तू डीएडच्या परीक्षेला गेल्तीस तवाचा हाय. लेकरू असं गुबगुबीत, सारखी नजर लागायची. म्हणून म्याच फ्रॉक घातला. कान बघ की त्याचा, खाच हाय!"

सगळ्यांनी सत्यमच्या कानाकडे पाहिलं. सत्यमनं सावकाश कानावर हात ठेवला.

"आत्ता उतरवून आणतो," म्हणत दयानंद चपला शोधायला लागला.

"पप्पा, नको!" सत्यम दारात आडवा झाला. "उतरवला की समदे इचारतील, का उतरवला म्हणून. राहू द्या. ती पुनमच हाय."

"पण ती मी न्हाई ना," पुनमनं हातातला फोटो खाली ठेवला. "म्हणजे माझा एकबी फोटो न्हाई."

सत्यमला जेवायला वेळ नसायचा, पण त्यानं पुस्तक मिटलं आणि आईचा मोबाइल उचलला.

"चल, तुझे काढू."

"किती?"

"तू म्हणशील तितके."

पुनमनं डोळे पुसले. लातूर हे बाजारपेठेचं गाव. भाव कधी वाढवायचा, हे तिथल्या लेकरांना शिकवावं लागत नाही.

"रोज," ती म्हणाली.

मग पुनम स्कूटीवर, पुनम आजीच्या चष्म्यात, पुनम पेरूच्या झाडावर, असे फोटो निघत राहिले. सत्यम एका हातात फिजिक्स आणि दुसऱ्यात मोबाइल धरून तिच्यामागून फिरत होता. वहीत फोटो चिकटवायला बसला की तासभर हलायचा नाही. पुनमची वही त्याच्या वहीपेक्षा जाड झाली. फ्रॉकवालं बाळ घरच्यांच्या एकमतानं पहिल्या पानावर गेलं. त्याखाली 'पुनम, वय एक वर्ष' असं सत्यमनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

एकदा शेजारच्या महादेवीकाकू वही चाळत होत्या.

"अगं बाई, काय गोड हाय पुनम! सत्यम, तुझा न्हाई का रे असला फोटो?"

पुनमनं भावाकडे पाहिलं, पण तोंड उघडलं नाही.

सत्यम फिजिक्समधून मान वर न काढता म्हणाला, "मी लहानपणी एवढा गोड नव्हतो, काकू."