एका कार्डावर अख्खं घर

"मले शुगर हाय म्हणणारा जगात एकच कागद होता," सदाशिवराव एसटीत बायकोला ऐटीत म्हणाले, "तो म्या आंघोळीच्या पाण्याखाली चुलीत घातला! आता शोधू दे त्या डॉक्टरले!"

विमलताई खिडकीतून कपाशी पाहत राहिल्या. नवऱ्याची कोणती बढाई अडवायची आणि कोणती वाहू द्यायची, हे त्यांना चाळीस वर्षांत पक्कं कळलं होतं.

सदाशिवरावांना घाई होती. गावच्या शंकरपटात शेवटच्या रेषेवर झेंडी धरायचा मान पंधरा वर्षं त्यांचा. कोणती बैलजोडी आधी पोचली, ते सांगतील तो निकाल. पण डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि मागच्या पटात त्यांनी रामधनची जिंकलेली जोडी भर गावासमोर हरलेली ठरवली! रामधननं तेव्हाच बजावलं, "पुढच्या साली झेंडी मी धरतो. तुमी बसून जिलेबी खा!"

ते बोलणं त्यांना फार लागलं होतं. पट दोन महिन्यांवर आला होता, म्हणून आज ऑपरेशन करूनच घ्यायचं असं ठरवून ते यवतमाळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात शिरले. सत्यशीला सिस्टरनं आरोग्य कार्ड मागितलं. त्यांनी मोठ्या रुबाबात कार्ड दिलं, मोबाइलवरचा ओटीपीही खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

त्याबरोबर सगळ्या दवाखान्यांतल्या जुन्या नोंदी स्क्रीनवर उघडल्या आणि डॉक्टर बघतच राहिले.

"काका, तुमची दोन बाळंतपणं झालीत?"

"हो जी! दोन्ही पोरी!" सदाशिवराव खुलले. "लय गोड हायेत!"

"तुमची?"

"माह्या सुनेची! कार्ड माहं हाय ना!"

"आणि कुत्रा चावला तो?"

"गोपालले. माह्या पोराले."

"दाढ काढलेली?"

"हिची!" त्यांनी विमलताईंकडे बोट केलं. "रेशनकार्ड घरात एक, गॅसचं कार्ड एक. मंग आरोग्याचे चार कार्ड कायले? म्या सगळ्यायले सांगून ठेवलं, दवाखान्यात गेले का माहंच कार्ड दाखवा!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग आणखी खाली वाचू लागले. "वणी, दोन वर्षांपूर्वी. चक्कर. शुगर तीनशे दहा."

सदाशिवरावांच्या तोंडचं पाणी पळालं. तो कागद तर त्यांनी स्वतःच्या हातानं जाळला होता! यवतमाळला आला कसा? पण गडी हार मानणारा नव्हता.

"तेही हिचंच!"

विमलताई ताडकन उठल्या. "अवो! दाढ माही होती म्हणून गुमान बसली मी! शुगर माही नाई! वणीच्या लग्नात अकरा गुलाबजाम कोनं खाल्ले?"

सिस्टरनं दोघांच्याही बोटाला सुई टोचली. विमलताई एकशे चार. सदाशिवराव दोनशे शहाऐंशी!

"आज ऑपरेशन नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि वणीत चक्कर आली त्याच दिवशी एका इंजेक्शननं कोणाचं तरी तोंड सुजलं, श्वास अडकला, असंही तिथल्या डॉक्टरांनी लिहिलंय. ते कोणाचं?"

"माहंच," सदाशिवराव हळूच म्हणाले.

"सिस्टरनं आत तेच इंजेक्शन काढून ठेवलंय. आम्ही विचारलं असतं, पण तुम्ही सांगितलं असतं का?"

आता मात्र सदाशिवराव खरंच घाबरले. चुलीत जळलेला कागद त्यांच्या आधी यवतमाळला पोचला होता आणि त्यानंच त्यांना वाचवलं होतं. त्यांनी गपचूप विमलताईंचा हात धरला.

डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, पंधरा दिवसांनी बोलावलं आणि आधी घरात ज्याचं त्याचं कार्ड काढायला लावलं. सदाशिवरावांनी पंधरा दिवस कारल्याची भाजी खाल्ली, चहाही बिनसाखरेचा घेतला. शुगर उतरली, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं महिनाभर धूळ टाळायचं पथ्यही त्यांनी निमूटपणे पाळलं.

पटाच्या दिवशी काळा चष्मा लावून सदाशिवराव रेषेवर उभे होते. दोन जोड्या धुरळा उडवत आल्या, आणि बैलाच्या शिंगाएवढ्या फरकानं पुढे कोण ते त्यांना लख्ख दिसलं. रामधनची जोडी! त्यांनी झेंडी टाकली. रामधननं धावत येऊन त्यांना मिठी मारली.

आनंदाच्या भरात ते थेट पटाच्या जत्रेतल्या रामलाल हलवायाच्या दुकानावर गेले.

"पाव किलो जिलेबी तोल!"

"नाई भाऊ," रामलालनं झारा आडवा धरला. "तीनशे दहा!"

सदाशिवराव भडकले. "तुले कोनं सांगितलं? माह्या परवानगीशिवाय माहा रेकॉर्ड कोणालेच उघडता येत नाई! ओटीपी लागते!"

रामलालनं झाऱ्यानंच पलीकडे दाखवलं. विमलताई शेजारच्या पेढेवाल्याला बोटांवर आकडा मोजून काहीतरी समजावत होत्या. त्याच्या पुढचे तीन दुकानदार त्या येण्याची वाट बघत उभे होते.

"कॉम्प्युटरले लागते जी," रामलाल म्हणाला. "वहिनीले नाई लागत!"