पडदा पाडलेला फोन

नानांची परीक्षा रविवारी सकाळी होती. परीक्षक म्हणून मुलगा येणार होता आणि नापास झाल्यास शिक्षाही ठरलेली होती: राहत्या घराला कुलूप लावून कायमचं मुलाकडे जायचं.

मुलाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. घड्याळं दुरुस्त करण्यात नानांचा जन्म गेला, आणि आता दृष्टी इतकी मंदावली होती की समोर माणूस आहे की कपाट, हे ते बोलल्यावरच कळायचं. अशा माणसाने एकटं राहायचं आणि कुठे पडलं-झडलं तर? पण मुलाच्या घरी नाना दोन-तीनदा राहून आले होते. तिथे पाणी मागावं लागत नसे, ते हातात येई. चालावं लागत नसे, धरून नेलं जाई. इतकी सेवा की धडधाकट माणूस आठवडाभरात म्हातारा व्हावा. स्वतःच्या घरात मात्र साखरेचा डबा कुठे आणि गाळणं कुठे हे त्यांच्या हातांना पाठ होतं. शेवटी समेट झाला. अडीअडचणीला फोनवरून माणसं बोलावता येतात, एवढं नानांनी दाखवायचं. मग मुलगा पुन्हा विषय काढणार नाही.

बोलका फोन शिकवायला मास्तरीणबाई होत्या. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं, आणि ज्यांना दिसतं त्यांची त्यांना जरा कीवच यायची. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन सांगतो, दोनदा टकटक केली की ते उघडतं, हे नानांच्या गळी उतरवताना त्यांच्या नाकी नऊ आले. सुरुवातीला नाना फोनला "अहो, जरा सावकाश" म्हणायचे. मग कान सरावले आणि त्यांनी फोनचा वेग इतका वाढवून घेतला की इतरांना ते बोलणं पत्र्यावर सांडलेल्या वाटाण्यांसारखं ऐकू येई. बाजूचं बटण भराभर दाबलं की मागच्याच गल्लीत राहणाऱ्या लेकीला, मुलाला आणि वरच्या मजल्यावरच्या निवृत्त फौजदारांना संकटाचा निरोप जाईल, अशीही सोय बाईंनी करून दिली. शेवटच्या दिवशी त्यांनी पडदा शिकवला. तीन बोटांनी टकटक केली की काच काळीकुट्ट, आत फोन मात्र चालू.

"आपल्याला उजेड काय करायचाय?" बाई म्हणाल्या. "बॅटरी वाचते, आणि शेजारचा डोकावत नाही."

नानांना हे पटलं. घरातले दिवे ते आधीच लावत नसत. फोनवर पडदा पडला तो पडलाच.

रविवारी मुलगा आणि सून आले. मुलाने फोन हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. नानांना तो आवाजात ऐकू आला.

"बाबा, हा तर बंद आहे."

"चालू आहे रे. त्याच्यावर पडदा..."

"पडद्याचं राहू द्या. काच काळी ठिक्कर पडलीय. मला दिसतंय ना."

"काय दिसतंय?"

"काहीच दिसत नाहीये, तेच तर सांगतोय."

त्याने काचेवर बोटं चोळली, तसा फोन त्याच्या नेहमीच्या वेगाने सगळं सांगू लागला. सून दचकली. अहो, शेवटचं काहीतरी बोलतोय वाटतं, असं ती म्हणाली. मुलाने वैतागून आवाजच पार बंद करून टाकला, आणि आता मात्र नानांनाही काही दिसेनासं झालं. मग बंद पडलेला फोन सुरू करायला सगळेच करतात तेच त्याने केलं, बाजूचं बटण दाबत सुटला. "ते बटण नको," असं नाना म्हणेपर्यंत त्यांच्या पायांत चपला सरकवून झाल्या होत्या. बाबा, तुम्ही आता काही बोलू नका, असं प्रेमाने सांगून दोघांनी त्यांना धरून नाक्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं.

दुरुस्तीवाल्याने फोन उलटासुलटा केला, दिव्याखाली धरला आणि गंभीरपणे म्हणाला, "बोर्डाचं काम दिसतंय."

हा आवाज नानांच्या ओळखीचा होता. बिघाड कुठे आहे ते कळेनासं झालं की ते स्वतः आपल्या घड्याळांच्या दुकानात हाच आवाज काढत.

तो फोन उघडायला हत्यार उचलतोय, तोच फोन काउंटरवर थरथरू लागला. कुणाचा तरी कॉल होता. मुलाने काचेवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे बोटं ओढली. दुरुस्तीवाल्यानेही ओढून पाहिली. फोन आपला थरथरत राहिला.

"आण इकडे," नाना म्हणाले. दोन बोटांनी दोनदा टकटक केली आणि फोन कानाला लावला. पलीकडे लेक रडत होती.

"बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"दुकानात. तू कुठे आहेस?"

"तुमच्या घरात."

"घराला तर कुलूप आहे."

"होतं," लेक म्हणाली. "फौजदारकाकांनी तोडलं."

बाहेरून कुलूप म्हणजे नानांना कुणीतरी आत कोंडलंय, असा फौजदारांचा तर्क होता, आणि तोडलं ते नुसतं कुलूप नव्हे. परत येऊन पाहतात तर कडी लोंबकळत होती, दार एका बिजागरीवर उभं होतं, आणि फौजदार हातात पहार घेऊन पलंगाखाली वाकून बघत होते. लेकीच्या पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. तिने सगळ्यांना निरोप वाचून दाखवला: मी संकटात आहे, ताबडतोब या. मग ती भावाकडे वळली.

"दादा, हा तुलाही आला असेल ना?"

मुलाने खिशातून स्वतःचा फोन काढला. काच लख्ख उजळली. निरोप सगळ्यात वर होता, न उघडलेला. रविवारी कुणाची कटकट नको म्हणून त्याने आवाज बंद ठेवला होता.

फौजदारांनी पंचनामा एका वाक्यात उरकला. "म्हणजे बोलावल्यावर सगळे आले, एक सोडून."

मुलगा घसा खाकरून म्हणाला, "ते ठीक आहे. पण आता दारच नाही. निदान आज तरी माझ्याकडे चला." आजचा मुक्काम किती वर्षांचा असतो हे नानांना ठाऊक होतं. त्यांनी फोनचा आवाज परत आणला, काळ्या काचेवर बोट फिरवलं, थांबले, टकटक केली.

"हां, सुतारभाऊ? दार बसवायचंय. आजच या."

परीक्षकाने गाडीची किल्ली उचलली. तो गाडी काढायला खाली गेला, तेव्हा सून कप विसळायच्या निमित्ताने मागे रेंगाळली.

"बाबा," तिने हळूच विचारलं, "तो पडदा माझ्या फोनवर पाडता येईल? यांना सारखं डोकावायची सवय आहे."

आठवडाभराने मुलाचा फोन आला. सुनेचा फोन बिघडलाय, काच काळी पडलीय, काय करावं?

नानांनी आपला जुना दुकानातला आवाज काढला.

"बोर्डाचं काम दिसतंय. तू हात लावू नकोस."