तुकाभाऊंचं फाइंड

तुकाभाऊ जेवाया बसले की पयल्या घासाला डोळं मिटायचे आन सांगायचे, "कोरड्यास खारट फाइंड झालं." मीठ जास्त पडलं, असं साधं त्ये कंदी बोललेच न्हाईत.

माज्या शेजारच्याच खोलीत ऱ्हायचे. खंडाळ्याच्या घाटात त्ये रेल्वेचे चावीवाले. रोज रूळ धरून चालायचं, रूळ आवळून धरनारी चावी ढिली दिसली की हातोड्यानं ठोकायची. पूर्वी त्यांच्या संगं एक गोरा साहेब फिरायचा. त्याच्याकडनं भाऊंनी ह्यो एकच शबूद उचलला, पर दोनी अंगांनी. हरवलेलं हाती आलं की फाइंड. आन एखादी गोष्ट आपल्याला कशी वाटली, त्येबी फाइंड. पाटलाची म्हैस त्यांना मारकी फाइंड झाली, लोनावळ्याची चिक्की दातांची वैरी. "आन तू बडबड्या फाइंड झालास," मला म्हनायचे. साळंची पायरी न चढलेला मी. मला येवढंच सर्टिफिकीट.

पर हुडकन्याला कुनी फाइंड म्हनलं की भाऊ खवळायचे. "हुडकतंय कुनीबी! हाती लागंल तवा फाइंड!"

एका श्रावनात माजा म्हातारा कान्हे गावाहून आलता. डोळ्यानं अधू. दिवस मावळायच्या आदीच धुकं उतरलं आन म्हातारा गायब. अंगनाच्या खाली रूळ, पुन्याची गाडी यायच्या बेतात. "बाऽ! बाऽ!" करत सुटलो. आदी बाजंखाली बगितलं, मंग पान्याच्या पिपात. अक्कल बाच्याबी आदी हरवलती.

भाऊ कंदील घेऊन आले आन माज्या तोंडावर हातच ठिवला.

"येक हाक मार. मंग गप ऱ्हा."

"आवं भाऊ, गाडी..."

"गप म्हनलं ना!"

हाक मारली. गप झालो. तवर खाली रुळाच्या मोरीपासनं आवाज आला, "मुडद्या, मगाधरनं ओ देतुया! तुजं त्वांड मिटंल तवा ऐकशील ना!"

आवाजाच्या रोखानं धावलो, तर बा रुळावरच बसलेला. भाऊंनी त्याला काखेत धरून भाईर वढला. आमी तिगं दरडीला चिकटलो आन गाडी धडधडत गेली.

"फाइंड," भाऊ दम खात म्हनले. मंग जरा लाजत, "आबा, मी कसा फाइंड झालो तुमास्नी?"

"लेकावानी," बा म्हनला.

भाऊ कंदिलाची वात बारीक-मोठी करत बसले. परतताना मला म्हनले, "तुज्या बाचं बरं हाय. चुकला तर हाक मारनारं हाय." त्यांच्या खोलीत येकच ताट व्हतं, त्ये मला ठावं व्हतं.

तवापासनं त्यांच्या परतायच्या टायमाला मी दारात हुभा ऱ्हातो. "तुकाभाऊऽ!" येक हाक, आन गप. धुक्यातनं ओ येते, "फाइंड झालोऽ!" ओ येईस्तवर माजा जीव थाऱ्यावर नसतो.

परवा हाकंच्या आदी लाकडं आनाया मागं गेलो. बगतो तर भाऊ कवाच आलेले. जांभळीखाली कंदील इझवून, मान कलती करून, दाराकडं कान लावून गुमान हुभे.

मी मागच्या पावली दारात आलो. रोजच्यावानी हाक मारली आन तोंड मिटलं. बडबड्याला लय जड जातं त्ये.

भाऊंनी जरा येळ लावला. मंग लांबनं आल्यावानी आवाज काढला, "फाइंऽड झालोऽ!"