अर्ध्या गरुडाचे वारस

उत्तर न दिलेलं पत्र ही कुटुंबातली सर्वांत टिकाऊ वस्तू असते, असं माझं मत आहे (चूक असू शकेल). क्युपर्टिनोहून माझी चुलत बहीण मृणालिनी हिचं पत्र आलं, त्याला आता वर्ष होईल. ‘मोरूदादा, आईला तो गरुड एकदा अख्खा बघायचा आहे. तुझं डोकं पाठव. तुझं म्हणजे, गरुडाचं.’

खुलासा आवश्यक आहे. आमचे आजोबा त्र्यंबकराव मुंबईत एका कापूस कंपनीत कारकून होते. कंपनी बुडाली तेव्हा साहेबाने थकलेल्या पगाराऐवजी त्यांच्या हाती झारच्या रेल्वेचा कर्जरोखा ठेवला. (घरगुती इतिहासानुसार, झारने आजोबांपुढे हात पसरले.) पुढे रशियात क्रांती झाली आणि नव्या सरकारने जुनी कर्जं नाकारली. आजोबांनी निषेध म्हणून चहा सोडला. मॉस्कोने याची दखल घेतल्याचं आढळत नाही.

तेव्हापासून रशिया आमचं देणं लागतो. लग्नाच्या बोलणीत ही बाब शेतीच्या आधी सांगितली जाई. वडील दर दिवाळीला चक्रवाढ व्याज काढत. शेवटच्या हिशेबात सैबेरिया आमच्याकडे आला होता (थंडीमुळे त्यांना तो नको होता).

वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा घर, विहीर, भांडी बिनतक्रार वाटली गेली. रोखा मात्र एकच. त्यावर दोन डोक्यांचा गरुड छापलेला, म्हणजे वाटणीची सोय झारनेच करून ठेवलेली. कात्री मधोमध चालली. डावं डोकं आम्हाला आलं, उजवं काकांना. मग काका म्हणाले, नंबर तुमच्याकडे गेला. वडील म्हणाले, सही तुमच्याकडे गेली. त्यानंतर दोघं मरेपर्यंत बोलले नाहीत. आज दोन्ही डोकी अमेरिकेत, दोन राज्यांत, काचेच्या फ्रेममध्ये एकमेकांकडे पाठ करून आहेत. (चित्रकाराची दूरदृष्टी.)

त्या शाखेच्या पत्राला उत्तर न देणं हे आमच्या शाखेचं धोरण. इथे अमेरिकेत, बॉथेलच्या आमच्या घरात मात्र शिस्त ढिली झाली आहे. नात अंतरा म्हणाली, “आबा, जस्ट स्कॅन इट!”

“काकूंचे स्कॅन काय कमी झालेत?” माझी बायको अहिल्या म्हणाली. “शहाण्णवच्या आहेत त्या. रशिया देईल तेव्हा देईल, तुम्ही आधी उत्तर द्या.”

“पण भिंत मोकळी दिसेल.”

“कॅलेंडर लावू.”

मायना ‘चि.’ लिहावा, ‘सौ.’ की ‘डॉ.’, यात एक आठवडा गेला. शेवटी लिहिलं: ‘मिनू, डोकं पाठवतो आहे. परत पाठवू नकोस.’

पोस्टात काउंटरवरच्या बाईंनी पाकीट उलटसुलट केलं. “व्हॅल्यू?”

मागे रांग होती. दोन भाऊ, त्यांची अबोल्यात गेलेली आयुष्यं, एक सैबेरिया. “झीरो,” मी पुटपुटलो.

त्यांना ऐकू आलं नाही. मोठ्याने सांगावं लागलं. रांगेतल्या लोकांनी वर बघितलं. बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं.

हसणाऱ्या वाचकांना एकच नम्र सूचना. ज्या भावंडाशी आपलं बोलणं बंद आहे, त्यामागच्या कारणाची किंमत आपणही एकदा अशीच, रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, सांगून पाहावी. पोस्ट शनिवारीही उघडं असतं.