जोतीराम पैलवानाची फारसी

खेळाडू पोरांना कॉलेजात कोणते विषय घ्यायला लावावेत, या बाबतीत १९७४ साली सबंध कोल्हापुरात माझ्याइतका जाणकार माणूस नव्हता! आता हे मत माझंच, पण प्राचार्यांनीही ते मान्य केलं होतं. मी अर्थशास्त्र शिकवायचो आणि विद्यापीठाच्या नियमांची पुस्तिका मला तोंडपाठ होती. म्हणून त्यांनी मला 'खेळाडू विद्यार्थी सल्लागार' नेमलं. पगार वाढला नाही, पण स्टाफरूममधली माझी खुर्ची खिडकीशेजारी आली.

माझा पहिलाच खेळाडू जोतीराम. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातला पैलवान. दारातून आत यायचं तर आधी एक खांदा आणायचा, मग दुसरा. स्वभावानं मात्र असा गरीब, की वर्गात मधमाशी शिरली तरी तिला वाट करून द्यायचा. आंतरविद्यापीठ कुस्तीला उतरायचं तर प्रत्येक विषयात पाऊण हजेरी हवी आणि वय पंचवीसच्या आत हवं. हजेरीपायी त्याचा फॉर्म दोन वर्षं परत आला होता आणि येत्या जानेवारीत तो पंचवीसचा होणार होता. म्हणजे ही शेवटची संधी! एकदा त्या स्पर्धेत खेळला की पोलिसात घेऊ, असं एका साहेबांनी कबूल केलं होतं. त्याच भरवशावर त्याची आई बयाबाई दर रविवारी तुपाचा डबा घेऊन गावाहून तालमीत यायची.

जोतीरामबरोबर त्याचे वस्ताद आले होते, हंबीरराव. हा माणूस कधी ओरडत नसे, आणि भीती वाटायची ती त्याचीच. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांदा दोन इंच खाली गेला.

"सर, पोरगं तुमच्या हवाली," ते हळूच म्हणाले. "दोनदा फारम माघारी आला. आता तिसऱ्यांदा आला, तर मी कुणाला इचारायचं?"

"मला विचारा!" मी छाती काढून म्हणालो. तोंडातून शब्द गेला, तो गेलाच.

पण डोकं माझं! अर्थशास्त्राला तो माझ्याच वर्गात होता, प्रश्न होता तो भाषेचा. पुस्तिकेत भाषा विषयांची यादी होती. हिंदीला साठ पोरं आणि रोज सकाळी तास. संस्कृतचे सर हजेरीच्या बाबतीत यमदूत. तिसरं नाव होतं फारसी. त्या विषयाला कित्येक वर्षांत एकही विद्यार्थी नव्हता. मी हिशेब मांडला. विद्यार्थी नाही म्हणजे तास नाही. तास नाही म्हणजे पोरगं गैरहजर राहील कसं?

"फारसी!" मी टेबलावर हात आपटून म्हणालो.

"त्ये काय असतंय, सर?" जोतीरामनं विचारलं.

"काहीच नसतं. तेच तर!"

वस्तादांनी संध्याकाळी घरी कळशीभर थंडाई पाठवली. मी ती मजेत प्यालो.

दोन दिवसांनी आमचा शिपाई आकाराम धापा टाकत आला.

"सर, चला की लवकर. गरंथालयात फक्रुद्दीन सर रडाय लागल्यात!"

फारसीचे प्राध्यापक फक्रुद्दीन सर. विद्यार्थी नाहीत म्हणून प्राचार्यांनी त्यांना सकाळी आठ ते चार ग्रंथालयात बसवून ठेवलं होतं. छप्पन्न वर्षांचा, छत्रीच्या काडीसारखा माणूस. हातात जोतीरामचा प्रवेश अर्ज, डोळ्यांत पाणी.

"अकरा वर्षं, सर, अकरा वर्षं!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "पोरगं आलं नसतं तर या मार्चला माझी जागाच रद्द होणार होती. पण ते सोडा. मला शिकवायला मिळालं! खुदानं तुम्हाला पाठवलं."

"तसं काही नाही," मी म्हणालो. "आठवड्याला एखादा तास घेतलात तरी..."

"एखादा? छे छे! आठला ग्रंथालय उघडावं लागतं, म्हणून रोज पहाटे साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा. अकरा वर्षांचं साचलंय, सर!"

तालमीत जोर, बैठका आणि लढती व्हायच्या त्या नेमक्या पहाटे आणि संध्याकाळी!

विषय बदलायची मुदत आदल्या दिवशी संपली होती. पुस्तिकेच्या नवव्या पानावर तसं छापलेलंच होतं. बरं, पोरगं काढून घ्यावं तर सरांची नोकरी जाणार. दुसऱ्या कुणाला 'हजर' म्हणायला पाठवावं म्हटलं, तर वर्गात एकच विद्यार्थी! आणि एकही तास चुकवावा तर हजेरी घसरणार. मी जोतीरामला बाजूला घेतलं.

"तू जात जा. वस्तादांना सध्या काही सांगू नकोस."

"मग काय सांगू?"

"म्हणावं, सरांनी सांगितलंय."

असं सांगणारा माणूस शहाणा नव्हे, हे मला आज कळतं. जोतीरामनं तालमीत अक्षरशः तेवढंच सांगितलं. पहाटे उठून कुठं जातोस? सरांनी सांगितलंय. वजन का उतरलं? सरांनी सांगितलंय. परवाच्या मैदानात चितपट का झालास? सरांनी सांगितलंय!

ऑगस्ट लागला आणि निरोप यायला सुरुवात झाली. आकाराम म्हणाला, "सर, हंबीरराव वस्ताद तुमास्नी हुडकत हुतं." पानवाला म्हणाला, "वस्ताद ईचारत हुतं, सर हिकडनं कवा जात्यात?" न्हाव्यानं तर माझी दाढी अर्ध्यावर असताना सांगितलं, "वस्ताद आत्ताच उठून ग्येलं बगा, तुमच्याच खुर्चीत हुतं." उरलेली दाढी मी घरी केली.

मी रस्ते बदलले. वर्गात शिरताना आधी आकारामला आत डोकवायला लावू लागलो. कुठल्याही खिडकीत रुंद सावली दिसली, की "आजचा तास रद्द" असं फळ्यावर लिहून मी मागच्या जिन्यानं पसार! पोरं खूश होती. रात्री दाराची कडी वाजली की मी मोरीत जाऊन बसायचो. हसू नका. त्या माणसाची पकड सुटल्यावर एका पैलवानाला चार दिवस डाव्या हातानं जेवावं लागलं होतं!

शेवटी मी बायकोला बजावून ठेवलं, "वस्ताद आले तर सांग, मी गडहिंग्लजला गेलोय."

संध्याकाळी मी माळ्यावरून उतरलो, तर ती दारात गंभीर चेहऱ्यानं उभी.

"अहो, ते आले होते. मी तुम्ही सांगितलंत तसंच सांगितलं. ते म्हणाले, मलाही आज गडहिंग्लजलाच कुस्तीच्या मैदानाला जायचंय, सर स्टँडवर असतील तर त्यांना सोबत होईल."

"मग?"

"मग ते घाईघाईनं स्टँडवर गेले."

दुसऱ्या दिवशी कळलं, की माझी जागा धरून वस्तादांनी दोन गाड्या सोडल्या होत्या. तिसऱ्या गाडीनं ते एकटेच गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही. बायको म्हणाली, "एकदा जाऊन सांगून का टाकत नाही?" मी म्हणालो, "तुला विधवा व्हायची घाई झालीय का?"

असा सव्वा महिना गेला. शेवटी ठरवलं, की फक्रुद्दीन सरांचे पाय धरायचे आणि तासांची वेळ बदलून घ्यायची. एका पहाटे मी कॉलेजात पोचलो. वर्गात दिवा होता. सर डोळे मिटून एक कविता म्हणत होते आणि जोतीराम वहीत डोकं घालून उजवीकडून डावीकडे लिहीत होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात दारातला उजेडच गेला.

दारात वस्ताद उभे होते.

मी फळ्यामागे शिरलो. फळा तीन पायांच्या घोड्यावर होता, त्यामुळे माझे पाय सगळ्यांना दिसत होते. पण तेव्हा तेवढं सुचत नाही.

"जोत्या, ऊठ," वस्ताद हळूच म्हणाले.

जोतीराम अर्धा उठला. तेवढ्यात फक्रुद्दीन सरांनी डोळे उघडले. एरवी ग्रंथालयात पुस्तक पडलं तरी दचकणारा हा माणूस! हातातलं पुस्तक मिटून तो त्या डोंगरासमोर जाऊन उभा राहिला.

"वर्ग चालू आहे. आत यायचं तर विचारून या. आणि पायताण बाहेर काढा."

संपलं, मी मनात म्हणालो. आता सर संपले आणि पाठोपाठ मीही. फळ्याच्या कडेनं मी एक डोळा बाहेर काढला. वस्ताद सरांकडे बघत होते. त्यांच्या तालमीचा नियमही हाच होता. कुस्तीच्या मातीत, हौद्यात, पाय टाकायचा तो वस्तादाला विचारून, आणि पायताण उंबऱ्याबाहेर. आजवर त्यांनी तो नियम हजारांना ऐकवला असेल. त्यांना स्वतःला तो पहिल्यांदाच कुणी ऐकवला होता.

वस्तादांनी वाकून पायताण काढलं.

"येऊ का आत?"

"या. मागच्या बाकावर बसा."

बाक करकरला. तास संपेपर्यंत वस्ताद हात जोडल्यासारखे करून बसून राहिले. मी फळ्यामागे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. साडेसातला सर थांबले आणि मग दोघे जोतीरामवरून भांडायला लागले.

"पहाट माझी," वस्ताद म्हणाले. "आन् सांजबी माझी."

"मग दुपार माझी," सर म्हणाले.

"दुपारच्याला पोराला निजावं लागतंय. खुराक अंगी कसा लागंल?"

"अकरा ते एक माझी. मग खुशाल झोपवा."

"बरं. पर शिकवा झ्याक. अर्धंमुर्धं नगं."

ग्रंथालयात तेवढा वेळ आकाराम बसेल असंही ठरलं. जाताना वस्ताद फळ्यासमोर थांबले.

"सर, गडहिंग्लजचं मैदान लै रंगलं हुतं. तुमी कुटं बसलावता?"

ते निघून गेले. अंगाला हातही लावला नाही! त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला शिरा करायला लावला.

पुढं सगळं सुरळीत चाललं. जोतीरामचं वजन भरलं, फारसीची हजेरी शंभरात शहाण्णव झाली. नोव्हेंबरच्या सत्तावीस तारखेला मी ऐटीत फॉर्म भरून प्राचार्यांपुढे ठेवला. तीस तारीख शेवटची. प्राचार्यांनी तास-नोंदवही उघडली, बोट खाली नेलं आणि चष्मा काढला.

"प्रत्येक विषयाचे चाळीस तास झालेले असावे लागतात. एका विषयाचे सव्वीसच झालेत. विद्यापीठ हा फॉर्म परत पाठवणार."

"कोणता गाढव आहे तो प्राध्यापक?" मी तावातावानं विचारलं.

त्यांनी नोंदवही माझ्याकडे फिरवली. तिथं अर्थशास्त्र होतं.

सव्वा महिना मी मागच्या जिन्यानं पळालो होतो, त्याचे बरोबर चौदा तास! पोराची हजेरी भरली होती, फारसी भरली होती, कमी पडलो होतो तो मी एकटा. पुस्तिकेत हा नियम अकराव्या पानावर आहे. मला तोही तोंडपाठ होता.

आता वस्तादांना सांगणं भाग होतं. यावेळी दुसऱ्या कुणाला पाठवायची मला लाज वाटली. बयाबाईचा तुपाचा डबा डोळ्यांपुढून हलत नव्हता. तालमीच्या उंबऱ्यावर मी पायताण काढलं. वस्ताद हौद्यात माती खणत होते. म्हणजे हातात फावडं!

"येऊ का आत?"

"या."

मी एका दमात सगळं सांगितलं. गडहिंग्लजसुद्धा. जोतीराम कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. फावडं थांबलं. मी डोळे मिटले.

"सरांना काय बोलू नगा, वस्ताद," जोतीरामचा आवाज आला. "त्यास्नी तुमचं भ्या वाटतंय. मलाबी वाटतंय की."

वस्तादांनी फावडं मातीत रोवलं.

"किती तास ऱ्हायल्यात?"

"चौदा."

"दिस किती?"

"तीन."

"मग शिकवा की," वस्ताद म्हणाले. "मी दारात बसतो. तुमी पळू नगा म्हंजे झालं."

पहिल्या दिवशी पाच तास, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी चार. बाकीची पोरं पहिल्या दुपारीच गळाली. उरला जोतीराम, आणि उंबऱ्याला पाठ लावून बसलेले वस्ताद. मागणी, पुरवठा, भांडवल, श्रमविभागणी. घसा बसला, खडू संपले. वस्ताद दारातून उठतील या भीतीनं मी वाक्यसुद्धा मध्ये सोडलं नाही. तीस तारखेला दुपारी चौदावा तास संपला. प्राचार्यांनी सही केली आणि आकाराम फॉर्म घेऊन सायकलवरून विद्यापीठात गेला. साडेचारला तो पोचपावती नाचवत परत आला. जोतीराम माझ्या पाया पडला आणि पावती दाखवायला फक्रुद्दीन सरांकडे धावत सुटला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू!

मागं फक्त वस्ताद उरले. पायताण घालता घालता ते थांबले आणि जवळ आले. पुन्हा माझ्या खांद्यावर हात! मी जागच्या जागी गोठलो.

"सर, राग मानू नगा," ते हळूच म्हणाले. "त्या दिशी फारशीतलं एक अक्षर मला समजलं न्हाय, पर उठावं असं वाटंना. तुमचं मातुर चौदाच्या चौदा तास समदं समजलं."

एवढं बोलून ते निघून गेले. खरं सांगतो, त्यापेक्षा एक थोबाडीत परवडली असती!